हात्सु-सानचा उजवा पाय

किमोनो घातलेली बाई लंगडते की नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळलेलं ते वस्त्र. त्यात वाघीणसुद्धा मांजरीसारखी पावलं टाकील. हात्सु-सानने आमचं काम धरलं ते याचसाठी, हे मला फार वर्षांनी समजलं. तोपर्यंत मी तिला चक्क घमेंडखोर समजत होते.

युनोसावातल्या हागी-या नावाच्या गरम कुंडांच्या पाहुणेघरात आम्ही दोघी अर्धं आयुष्य राबलो. पाहुण्यांच्या खोल्यांवर ताटं न्यायची, अंथरुणं घालायची, काढायची. दाराबाहेर गुडघे टेकून बसायचं, दार सरकवायचं, कपाळ चटईला लावायचं, उठायचं, आणि हे सगळं हसऱ्या तोंडाने. नव्या मुली आल्या की मालकीणबाई हात्सु-सानकडे बोट दाखवायच्या. "चाल बघा हिची. नाहीतर तुम्ही! भाताची पोती उतरवायला आल्यासारख्या धपधप."

सुट्टीच्या दिवशी आम्ही बाकीच्या बायका पँट चढवून खाली गावात शेवया खायला जायचो. हात्सु-सान कधी आली नाही. कधी पाय मुरगळलेला, कधी डोकं दुखतंय. आम्हा कामवाल्या बायकांचं एकत्र न्हाणं असायचं, तिथेही ही सगळ्यात शेवटी, एकटी. मी म्हणायचे, "महाराणींना आपल्या अंगाचा वास येतो." माझी जीभ तशीच आहे. नवऱ्यानेही तिला कंटाळूनच लवकर प्राण सोडला असं माझी नणंद म्हणते.

एका शरदात सकाळची ताटं लागली तरी हात्सु-सानचा पत्ता नाही. मी तिच्या खोलीत बोलवायला गेले, तर ही चटईवर उताणी पडलेली. एका हातात शेगडीतला चिमटा, आणि त्या चिमट्याने उजव्या पायातल्या ताबीच्या टाचेमागच्या आकड्या अडकवायची धडपड चाललेली. किमोनोखाली आम्ही घालतो ते पांढरे मोजे म्हणजे ताबी. लहान पोरगीही पटकन घालते. पण हिची उजवी मांडी पोटाकडे वळतच नव्हती आणि हात टाचेपर्यंत पोचत नव्हता. अंगठ्याचं नख वाढून वाढून मोजा फाडून बाहेर आलेलं. बाहेरची लोकं चपला काढतात तेव्हा त्यांच्या मोज्यांवरून त्यांची किंमत करणाऱ्या आम्ही बायका, आणि हा आमच्यातल्या सगळ्यात नीटनेटक्या बाईचा पाय!

मला बघताच तिने गळ्याशी उघडा पडलेला किमोनो नाही सावरला. तिने पाय झाकला.

मी तिचा पाय मांडीवर घेतला. कात्री आणून नखं कापली, दुसरी ताबी घातली, आकड्या लावल्या. ती बाहीने तोंड झाकून रडत होती.

"ताके-सान, कोणाला सांगू नकोस गं."

"नखं कापली हे? थांब, गावभर दवंडी पिटते."

"थट्टा नको करूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"दुखतंय कुठे?"

तिने गुडघ्यावर हात ठेवला. गुडघ्याला औषधी पट्ट्या चिकटवलेल्या होत्याच. मी गुडघा दाबला, हलवला. ही ढिम्म. मग म्हटलं, खरं सांग. तिने दार बंद आहे ना ते पाहिलं आणि दोन बोटं जांघेत टेकवली, चोरी करावी तशी.

"इथून निघतं. गुडघ्यापर्यंत उतरतं. आता असल्या जागेचं दुखणं मी पुरुष डॉक्टरला काय सांगू? गुडघा म्हटलं की ते गुडघा बघतात."

म्हणजे खाली गावातल्या डॉक्टरने वर्षानुवर्षं एका निरोगी गुडघ्यावर इलाज केला होता, आणि हिने गुमान करून घेतला होता. मला हसावं की तिच्या थोबाडीत द्यावी कळेना.

"अगं बाई, तो खुबा आहे. माझ्या थोरल्या भावाला होतं असंच. शहरात हाडांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे खुब्याचे वेगळे डॉक्टर असतात. फोटो काढतील आणि काय ते सांगतील."

"फोटो काढला की कळेल."

"कळावं म्हणूनच काढतात!"

"तसं नाही. मी पडले नव्हते हे कळेल."

आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की हात्सु-सान लहानपणी पर्सिमनच्या झाडावरून पडली आणि पाय किंचित अधू झाला. तिच्या नवऱ्यालाही तेच ठाऊक होतं. तो बिचारा इतका मायाळू, की बायकोला वाईट वाटू नये म्हणून त्याने मरेपर्यंत घरात पर्सिमन येऊ दिलं नाही. आणि हिचं ते सगळ्यात आवडतं फळ! जन्मभर तोंडाला पाणी सुटायचं आणि जन्मभर गप्प बसायची.

खरी गोष्ट तिने त्या सकाळी सांगितली. ती जन्मली तीच तशी. खुब्याची वाटी उथळ, त्यात मांडीचं हाड नीट बसलेलं नाही. तिच्या मावशीचंही तसंच होतं. मावशीचं लग्न झालं नाही, मागच्या खोलीत मागावर कापड विणत म्हातारी झाली. हात्सुएला, म्हणजे आमच्या हात्सु-सानला, स्थळ बघायची वेळ आली तेव्हा आईने तिला बसवून शिकवलं, "झाडावरून पडले म्हणायचं. पडलेल्या पायाला कोणी नावं ठेवत नाही. जन्माच्या पायासाठी सगळ्या घराण्याला नावं ठेवतात."

"आणि मायुको?" मी विचारलं. मायुको तिची एकुलती एक मुलगी. खालच्या गावात आराकावांच्या घरी दिलेली. त्यांचं लोणच्यांचं मोठं दुकान. आणि मायुकोला गेल्या हिवाळ्यात मुलगी झालेली, कोतोने.

"तिलाही पडलेच म्हणून सांगितलंय."

"अगं, आडात आहे ते पोहऱ्यात येणारच की! पोरीची तपासणी केली का?"

"चार महिन्यांची असताना सगळ्याच बाळांची करतात ना. केली."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

ती बाहीची कड चाचपत बसली. मी सोडलं नाही. मग तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. तपासणीच्या वेळी नर्सने मायुकोला विचारलं होतं, घरात कोणाला खुब्याचा त्रास आहे का. मायुको चटकन म्हणाली, नाही हो, आई लहानपणी झाडावरून पडली होती तेवढंच. हात्सु-सान शेजारीच बाळाचं दुपटं घेऊन बसली होती. पण पलीकडे विहीणबाई बसल्या होत्या. तोंड उघडलं नाही. नर्स पुढच्या बाळाकडे वळली.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी तिच्या ताबीच्या आकड्या लावायचे आणि लावता लावता तिला बोलायचे. "सांगितलंस का?" "पुढच्या महिन्यात." "सांगितलंस का?" "बाळ छान रांगतंय गं. काही नसेल." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत दुसऱ्याच्या लेकराचा पाय असला तर? पण हे मी तिला कितीदा म्हटलं तरी ती मान खाली घालायची, आणि मान खाली घातलेल्या माणसाला किती मारणार.

फेब्रुवारीत कोतोनेचा पहिला वाढदिवस आला. बर्फ पडलेलं, बसची पायरी हात्सु-सानला चढवेना, म्हणून माझ्या डबड्या गाडीतून मीच तिला आराकावांकडे नेलं. तिने ठेवणीतला किमोनो नेसला होता.

घर भरलं होतं. मधोमध चटईवर इश्शोमोची ठेवलेली, भात कुटून केलेली ती पांढरी जाड चकती. इश्शो म्हणजे तांदळाचं एक माप, आणि इश्शो म्हणजेच आख्खा जन्म. वर्षाच्या बाळाच्या पाठीला ती बांधायची, जन्मभर अन्नाला तोटा पडू नये म्हणून. एवढं ओझं घेऊन बाळ कोसळतं, भोकाड पसरतं, आणि मोठी माणसं पोट धरून हसतात. कोसळणं शुभच असतं.

जावई र्योहेईने मोची फडक्यात गुंडाळून पोरीच्या पाठीला बांधली. पोरगी हट्टी, आमच्याकडच्या बायकांसारखी. उभी राहिली. एक पाऊल टाकलं, उजवीकडे कलली. दुसरं टाकलं, सरळ झाली. तिसऱ्याला पुन्हा उजवीकडे कलली आणि धपकन बसली.

टाळ्या, हशा! विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "हुबेहूब तिचे आजोबा! साके पिऊन बैठकीतून परत येताना असेच यायचे." आजोबाही हसले. मायुको हसता हसता फोटो काढत होती.

मी हात्सु-सानकडे पाहिलं. ती हसत होती. आमच्या कामात हसू तोंडावर शिवलेलंच असतं.

मग मोची सोडली, सगळे ती कापायला स्वयंपाकघरात गेले. कोण म्हणतं भाजून खाऊ, कोण म्हणतं सोयाबीनच्या पिठात घोळवू. कोतोने चटईवर एकटीच. ती उठली आणि सरकत्या दाराकडे निघाली. पाठीवर आता काही नव्हतं. तरी उजवीकडे कलली, सरळ झाली, उजवीकडे कलली. दाराला धरून मागे वळून खुदकन हसली.

ती चाल मला ओळखीची नव्हती, कारण मी हात्सु-सानला कधी उघडं चालताना पाहिलंच नव्हतं. पण हात्सु-सानच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं. तिचं हसू तसंच होतं आणि ओठ पांढरेफटक पडले होते.

 मोचीचा तुकडा खाल्ला, चहा प्यायली, सगळ्यांचा वाकून निरोप घेतला. गाडी गावाबाहेर आली.

"पाहिलंस?" ती म्हणाली.

"पाहिलं. वळू का?"

"नको. आज नको, वाढदिवस आहे. आज एवढी माणसं... विहीणबाईंच्या जावाही आल्यात. पुढच्या आठवड्यात मी मायुकोला एकटीला बोलवून..."

मी गाडी बर्फाच्या कडेला लावली आणि तोंड सोडलं. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "तुझ्या आईने तुला नवरा मिळावा म्हणून खोटं शिकवलं, ते एक वेळ समजलं. तू कोणासाठी खोटं बोलतेस? तुला आता कोण बघायला येणार आहे?"

ती हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिली. मला वाटलं, आता ही माझ्याशी जन्मात बोलणार नाही. आणि एकदम म्हणाली, "वळव. पण तू मला आत सोडून जाऊ नकोस. माझं धैर्य दारातच संपेल."

आम्ही परत शिरलो तेव्हा सगळे अजून बसलेलेच होते. विहीणबाई उठल्या, "काय हो, काही विसरलं का?"

हात्सु-सानने चटईवर गुडघे टेकले, बोलायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. पाहुण्यांपुढे इतकी वर्षं बोललेली बाई, तिला एक शब्द सापडेना. सगळे बघत राहिले. मग ती कशीबशी उठली. दोन्ही हातांनी किमोनोचा काठ धरला आणि गुडघ्याच्या वर उचलला. पुरुष माणसं बसलेली, जावई बसलेला. र्योहेईने घाईने मान वळवली. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि आम्हा दोघींना पोटात घ्यावं.

आणि ती चालली. त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत, झाकण नाही, छोटी पावलं नाहीत. एक पाय दुसऱ्याहून बारीक, काडीसारखा. उजवीकडे कलली, सरळ झाली, उजवीकडे कलली.

"मी झाडावरून पडले नव्हते," ती म्हणाली. "जन्मापासून असंच आहे. माझ्या मावशीचंही. आता कोतोनेला चालवून बघा."

 कोतोनेला चालवावं लागलंच नाही, ती आजीला बघून स्वतःच टाळ्या पिटत तिच्याकडे निघाली होती. आख्खी बैठक ते बघत होती, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग हात काढून अगदी हळू, मापून म्हणाल्या, "म्हणजे लग्न ठरताना तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

"तपासणीला मी शेजारी बसले होते, हात्सुए-सान. त्या बाईंनी विचारलं होतं."

"हो. मी ऐकलं होतं."

हात्सु-सानने कपाळ चटईला लावलं ते वर केलंच नाही. मायुकोने पोरीला उचललं आणि आईकडे पाठ करून उभी राहिली. तिच्याबरोबर आलेली म्हणून मीही वाकले. मी कोण? नुसती ड्रायव्हर. पण मलाही वर बघवेना.

शहरातल्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला. उसामी नावाचे, मध्यमवयीन, सावकाश बोलणारे. म्हणाले, डावीकडचा गोळा वाटीत आहे, उजवीकडचा बाहेर येऊन वर सरकलाय. आता पोरीला ठेवून घ्यावं लागेल, काही आठवडे पायांना वजनं लावून हाड हळूहळू खाली ओढायचं, मग भूल देऊन जागेवर बसवायचं आणि कमरेपासून प्लास्टर घालायचं. बहुतेक मुलं चांगली चालतात. काहींना पुढे आणखी ऑपरेशन लागतं.

"आधी कळलं असतं तर?" मायुकोने विचारलं.

डॉक्टरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं. "चार महिन्यांची असताना सापडलं तर पुष्कळदा पट्ट्या बांधून भागतं. पण तपासणीत प्रत्येक बाळाचं हाताला लागतंच असं नाही. म्हणून तर घरच्यांना विचारतो. घरात कोणाला आहे असं कळलं की आम्ही सरळ खुब्याची सोनोग्राफी करतो."

त्यांनी हे कोणाला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. हात्सु-सान खुर्चीवर बसल्या बसल्या इतकी लहान झाली, की मला वाटलं आता उरणारच नाही.

डॉक्टर म्हणाले, आता आई आणि आजी, दोघींचेही फोटो काढून घ्या, मोठ्यांचे डॉक्टर याच मजल्यावर आहेत. मायुको म्हणाली, "माझं कशाला? मला काही नाही." मग डॉक्टरांनी नुसतं विचारलं, जांघेत दुखतं का कधी? आणि मायुकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाळ पोटात होतं तेव्हापासून दुखत होतं. दुकानात उभं राहवत नव्हतं. सासरी ती 'कंबर' म्हणून सांगायची.

"मला का नाही बोललीस?" हात्सु-सानने विचारलं. त्या वाढदिवसानंतर पहिल्यांदाच ती मुलीशी बोलत होती.

"कशी बोलणार? आपल्या घरात कोणी दुखतं म्हणून बोलतं का?"

या एका वाक्यापुढे माझी आख्खी जीभ काहीच नाही.

फोटोत मायुकोच्या दोन्ही वाट्या उथळ निघाल्या, पण अजून झीज नव्हती. वाटीचं हाड कापून फिरवण्याचं एक ऑपरेशन असतं, ते तरुण वयात करता येतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि तोवर दरवर्षी दाखवायचं. हात्सु-सानचा खुबा मात्र पार संपला होता, हाडाला हाड घासत होतं. कृत्रिम सांधा बसवायला हवा, तोही लवकर.

ती नाही म्हणाली. पहिल्यांदा वाटलं भीती असेल. नंतर कळलं, भीती नाही. हागी-यात तिच्या ताबीच्या आकड्या लावताना मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोरगी वजनं बांधून पलंगावर पडलीय आणि मी नवा सांधा बसवून मिरवू? दुखू दे. एवढी तरी शिक्षा मला होऊ दे."

"तू लंगडलीस म्हणून त्या पोरीचं हाड जागेवर बसणार आहे का? बाई, शिक्षाही स्वतःच्या सोयीची शोधलीस!"

तिला पटलं नाही. लाज ही अशी चिवट, एका जागेवरून हाकलली तर दुसऱ्या जागी जाऊन बसते.

कोतोनेला प्लास्टर घातलं त्यानंतर आम्ही भेटायला गेलो. दोन्ही पाय फाकलेले, बेडकासारखी, आणि तांदळाचं बिस्किट चोखत मजेत होती. विहीणबाई पलंगाशी बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला मानेने नमस्कार केला, जेवढा करायलाच हवा तेवढा. बसा म्हणाल्या नाहीत. हात्सु-सान दारापाशीच उभी राहिली. पोरीजवळ जायचा हक्क आपल्याला नाही अशी.

मायुको प्लास्टरखालचं दुपटं बदलत होती. आईकडे न बघताच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, तू ऑपरेशनला नाही म्हणालीस."

"माझी काय लायकी आहे गं."

"तुझ्यासाठी सांगत नाहीये मी." मायुकोने दुपट्याची गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "मला राग आहे तुझा. तो जाईल की नाही मला माहीत नाही. पण हिला हा खुबा आहे आणि मलाही आहे. उद्या ही विचारेल, आई, माझं पुढे काय होणार? मी तिला काय सांगू? एक मागच्या खोलीत म्हातारी झाली, एक लपवत लपवत म्हातारी झाली? आपल्या घरात या दुखण्यातून बरी झालेली एक तरी बाई मला बघायचीय. एकच. तेवढी तू हो."

वॉर्डात शेजारच्या पलंगावरची बाळं, त्यांच्या आया, सगळे ऐकत होते. विहीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी आपली खुर्ची उचलली, हात्सु-सानच्या मागे नेऊन ठेवली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

हात्सु-सान लाजेने कानापर्यंत लाल झाली होती. मान वर केली नाही. तशीच, खाली बघत, ती हो म्हणाली.